ब्रेकची खरखर, आणि बिलावर न लिहिले जाणारे मिलिमीटर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घोडबंदर रस्त्यावरचे खड्डे, मेट्रोच्या कामाने अरुंद झालेल्या मार्गिका, गायमुख घाटातली कोंडी यांविषयी आपल्या स्तंभात वाचक नेहमी लिहितात. त्या कोंडीत दर वीस-तीस मीटरवर ज्याच्यावर पाय पडतो, त्या ब्रेकविषयी मात्र फारसे कुणी लिहीत नाही. पावसाळा सरत आला की ठाणे आणि नवी मुंबईतल्या गॅरेजांत एकच तक्रार घेऊन गाड्या येतात: ब्रेक दाबला की खरखर वाजते. त्यातल्या काही गाड्यांना काहीही झालेले नसते. काहींचे पॅड पार संपून लोखंडावर लोखंड घासत असते आणि तशीच गाडी कितीतरी दिवस चाललेली असते. या दोन गाड्यांतला फरक मालकाला स्वतः ओळखता येतो. हाताला थोडी सवय असेल आणि जागा सपाट असेल, तर पुढचे पॅड बदलण्याचे कामही घरी होण्यासारखे आहे. जे गॅरेजकडेच देतात त्यांनी निदान एक गोष्ट मागून घ्यावी, ती म्हणजे पॅड किती मिलिमीटर उरला आहे हे बिलावर लिहून. हे पत्र मुख्यतः त्यासाठी आहे.

खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांसाठी होते. टॅक्सीला, टेम्पोला ठरावीक काळाने फिटनेस करून घ्यावा लागतो, तसे घरच्या गाडीला मधल्या वर्षांत काही नसते. पीयूसी होते, पण त्यात धूर तपासतात, ब्रेक नाही. म्हणजे पंधरा वर्षे ब्रेकची जबाबदारी मालकाची आणि त्याच्या मेकॅनिकची. सर्व्हिसिंगच्या कागदावर ‘ब्रेक ओके’ एवढेच लिहून येते. ओके म्हणजे आठ मिलिमीटर की अडीच, हे त्यातून कळत नाही.

आता आवाजाकडे येऊ. आपल्याकडच्या बहुतेक लहान गाड्यांना पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक असतात. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी ओतीव लोखंडाची तबकडी. तिला दोन्ही बाजूंनी दोन पॅड आवळतात. प्रत्येक पॅडला मागे साधारण पाच मिलिमीटर जाडीची पोलादी पट्टी असते आणि तिच्यावर घासणारा मसाला चिकटवलेला असतो. नव्या पॅडचा मसाला साधारण दहा-बारा मिलिमीटर असतो. बऱ्याच पॅडला एक छोटी वाकडी पत्र्याची जीभ असते. मसाला दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती डिस्कला टेकते आणि ‘चीं’ असा बारीक, कानात घुसणारा आवाज येतो. तो आवाज मुद्दाम दिलेली सूचना आहे. खिडक्या बंद, एसी चालू, गाणी लावलेली, अशा गाडीत तो कुणाला ऐकूच जात नाही. आठवड्यातून एकदा सोसायटीच्या भिंतीलगत, खिडकी खाली करून, दहा-पंधराच्या वेगाने गाडी नेऊन हलका ब्रेक दाबावा. भिंतीवरून आवाज परत येतो आणि कुठल्या बाजूचे चाक बोलते आहे हेही कळते.

त्या चींकडे दुर्लक्ष झाले की पुढचा टप्पा खरखरीचा. मसाला संपलेला असतो आणि पोलादी पट्टी थेट डिस्कवर घासते. हा आवाज जाडा असतो, पायाला पेडलमध्येही जाणवतो, आणि ब्रेक दाबला की हमखास येतो. इथून पुढे दोन गोष्टी एकाच वेळी बिघडतात. पोलादाची डिस्कवर मसाल्याइतकी पकड नसते, त्यामुळे गाडी थांबायला जास्त अंतर लागते. शिवाय डिस्कवर खोल चऱ्या पडतात. नुसते पॅड बदलून भागले असते तिथे दोन डिस्कही घ्याव्या लागतात, आणि त्या पॅडच्या संचापेक्षा कितीतरी महाग असतात. तसेच चालवत राहिले तर पट्टी आणि डिस्क दोन्ही झिजून कॅलिपरचा, म्हणजे पॅड आवळणाऱ्या पकडीचा, पिस्टन मर्यादेबाहेर येतो, सील सोडतो आणि ब्रेक ऑइल गळते. तेव्हा पेडल सरळ तळाला जाते. वेग दुप्पट झाला की थांबवायची ऊर्जा चौपट होते, म्हणून ताशी तीसला ‘चालतंय की’ वाटणारा ब्रेक पाम बीच रोडवर साठला चालेलच असे नाही.

पण प्रत्येक खरखर अशी धोक्याची नसते. रात्रभर पाऊस पडला, गाडी उघड्यावर उभी होती, आणि सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला खरखर वाजून आवाज गेला, तर तो डिस्कवरचा पातळ गंज आहे. ओतीव लोखंड ओले झाले की काही तासांत तांबूस होते आणि पॅड ते खरवडून काढतात. खाडीकाठची खारी दमट हवा असलेल्या ऐरोली, कोपरखैरणे, नेरुळ, सीवूड्स, कळवा, कोलशेत या भागांत हे जास्त दिसते. इलेक्ट्रिक गाड्यांत आणखी जास्त, कारण अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटरच गाडी रोखते आणि डिस्कवर पॅड फार कमी वेळा दाबले जातात. अशा गाडीला अधूनमधून रिकाम्या रस्त्यावर ठाम ब्रेक लावून डिस्क साफ करत राहावे. दहा-पंधरा ब्रेकनंतरही आवाज राहिला किंवा डिस्कवर खड्डे पडल्यासारखे डाग दिसले, तर तो वरवरचा गंज नाही.

एबीएसचा आवाजही लोकांना घाबरवतो. एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे आहे, त्यामुळे तो आता बहुतेकांच्या गाडीत आहे. ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर जोरात ब्रेक दाबला की पेडल पायाखाली थरथरते आणि करकर आवाज येतो. ते चाक लॉक होऊ नये म्हणून चाललेले काम आहे, पाय काढू नका. गाडी सुरू करून निघाल्यावर पहिल्यांदा वेग घेताना एकदाच ‘घुर्र’ झाले, तर बऱ्याच गाड्यांत ती एबीएसची स्वतःची चाचणी असते.

ब्रेक न दाबताही आवाज येत असेल तर शोध वेगळीकडे घ्यायचा. वेगाबरोबर वाढणारी सलग घरघर, आणि हलके डावी-उजवीकडे वळवले की तिचा सूर बदलतो, हे चाकाच्या बेअरिंगचे लक्षण आहे. उजवीकडे वळताना वाढली तर संशय डाव्या बेअरिंगवर घ्यावा, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो. स्टिअरिंग पूर्ण वळवून निघताना कट-कट वाजले तर एक्सलचा सांधा. चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदाच घासल्याचा आवाज येत असेल, तर डिस्कमागचा पातळ पत्रा वाकून टेकलेला असतो किंवा त्यात खडा अडकलेला असतो. खोदकाम चाललेल्या रस्त्यांवरून रोज जाणाऱ्या गाड्यांत हा खडा वारंवार सापडतो. आवाज कर्कश असतो, माणूस हादरतो, आणि चाक काढून पत्रा बोटाने मागे सरकवला की खडा खाली पडतो. गाडी थोडी मागे घेतली तरी कधी कधी सुटतो.

आणखी एक परीक्षा फार कामाची आहे. आठ-दहा किलोमीटर शक्यतो कमी ब्रेक लावत गाडी चालवा, थांबा, आणि चारही चाकांच्या जवळ हात न्या. हात लावू नका, जवळ न्या. एकच चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल, गाडी त्या बाजूला ओढत असेल किंवा जळका वास येत असेल, तर त्या चाकाचा ब्रेक सुटत नाही. नुसते पॅड बदलून तो आवाज महिन्या-दोन महिन्यांत परत येणार, कारण मूळ दुखणे तसेच राहिले.

प्रत्यक्ष पाहायचे तर चाक काढावे लागते. अलॉय व्हीलच्या आऱ्यांतून टॉर्चने बाहेरचा पॅड दिसतो, आणि तिथेच फसगत होते. बाहेरचा पाच मिलिमीटर उरलेला असतो आणि आतला संपलेला. आतला पाहिल्याशिवाय काहीही ठरवू नये.

जागेबद्दल आधी बोलतो, कारण सर्वांत मोठा धोका ब्रेकमध्ये नसून जॅकवर उचललेल्या गाडीखाली आहे. पोडियमच्या उतारावर, मेकॅनिकल स्टॅक पार्किंगच्या पाळण्यात किंवा रस्त्याच्या कडेला हे काम करू नये. सोसायटीत पेव्हर ब्लॉक असतील तर ते जॅकखाली एका बाजूला दबतात, म्हणून जॅकखाली अठरा मिलिमीटरचा प्लायवूडचा हातभर तुकडा ठेवावा. गाडी पहिल्या गिअरमध्ये किंवा पार्कमध्ये, हँडब्रेक ओढलेला, आणि मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल करा, मग जॅक. जॅक दाराखालच्या पट्टीत कंपनीने खाचा दिल्या असतात तिथेच लावायचा. गाडी उचलल्यावर तिच्याखाली स्टँड हवाच. गाडीबरोबर मिळणारा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो, त्याच्या भरवशावर हात आत घालू नये. काढलेले चाक दारापट्टीखाली आडवे सरकवून ठेवावे, स्टँड घसरलाच तर गाडी त्याच्यावर येते.

लागणारे सामान फार नाही. चाकाचा पाना, १२, १४ आणि १७ चे सॉकेट, १७ चा चपटा पाना, सी-क्लॅम्प, तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, कॅलिपर पिनांचे सिलिकॉन ग्रीस, जाड तारेचा तुकडा, जाडी मोजायचा व्हर्नियर, जमल्यास टॉर्क रेंच, म्हणजे ठरावीक जोराने आवळता येणारा पाना. डोळ्यांना चष्मा, तोंडाला मास्क. ब्रेकची काळी धूळ फुंकू नका, कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या किंवा हलक्या प्रतीच्या लायनिंगमध्ये, म्हणजे घासणाऱ्या मसाल्यात, अॅस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसात गेला की बाहेर येत नाही. क्लीनर मारून धूळ ओली करून फडक्याने पुसावी. गॅरेजांतली पोरे रोज ती धूळ हवेने उडवतात, ते बंद व्हायला हवे.

पॅड घेताना गाडीचे नाव पुरत नाही. एकाच मॉडेलच्या वेगवेगळ्या वर्षांत, पेट्रोल-डिझेलमध्ये पॅडचा आकार बदलतो. चॅसिस नंबर दुकानदाराला दाखवा आणि पेटी उघडून जुन्याशी जुळवून पाहा. दोन्ही बाजूंचे पॅड एकदमच बदलायचे. एकाच चाकाचे बदलले तर ब्रेक लावताना गाडी एका अंगाला ओढते.

बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी पाहून घ्या. पॅड झिजतात तसतसा पिस्टन पुढे येतो आणि टाकीतली पातळी आपोआप उतरते. मधल्या काळात कुणी ती ‘मॅक्स’पर्यंत भरली असेल, तर पिस्टन मागे ढकलताना ऑइल बाहेर येईल. हे ऑइल रंगावर सांडले तर रंग उचलते. म्हणून टाकीचे झाकण पुसून सैल करावे, भोवती फडके गुंडाळावे, आणि पातळी वर असेल तर स्वच्छ सिरिंजने थोडे काढून घ्यावे.

कॅलिपर दोन पिनांवर तरंगतो. बहुतेक लहान गाड्यांत खालच्या पिनेचा बोल्ट, १२ किंवा १४ चा, काढला की कॅलिपर वर उचलता येतो. बोल्टबरोबर पिन फिरत असेल तर चपट्या पान्याने ती धरावी. कॅलिपर उचलून तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला बांधा. ब्रेकच्या रबरी नळीवर तो लोंबकळत ठेवू नका. नळी आतून फाटते, बाहेरून दिसत नाही आणि पुढे झडपेसारखी वागते, म्हणजे दाब जाऊ देते पण परत येऊ देत नाही. कॅलिपर उघडा असताना कुणी पेडल दाबले तर पिस्टन बाहेर उडेल. घरातल्या मुलांना त्या वेळी गाडीत बसू देऊ नये.

पॅड काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. जीभ असलेला पॅड आत होता की बाहेर, क्लिपा कशा बसल्या होत्या, हे नंतर आठवत नाही. मग मोजा. पोलादी पट्टी सोडून फक्त मसाला मोजायचा. पट्टीसकट आठ मिलिमीटर भरले म्हणून खूश होणारे पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे प्रत्यक्षात तीनच उरलेले असतात. मसाला तीनवर आला की पॅड बदलावा, दोनच्या खाली गेला तर त्या गाडीने घाट उतरू नये.

झीज कशी झाली आहे यावरून मूळ दुखणे कळते. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा बराच झिजला असेल तर पिस्टन नीट मागे येत नाही किंवा पिना जाम आहेत, त्यामुळे सगळा भार आतल्या पॅडवर पडतो. बाहेरचा जास्त झिजला असेल तर पिना दाबल्या गेल्यावर परत सुटत नाहीत. एकच पॅड तिरका, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ असेल, तर दोनपैकी एक पिन अडकली आहे. आपल्याकडच्या पावसात हेच सर्वांत जास्त होते. पिनेवरचे रबर फाटते, पाणी आत जाते, ग्रीस धुपते आणि पिन गंजून बसते. दोन्ही पिना बाहेर ओढा, क्लीनरने पुसा, गंजाचे खड्डे असतील तर बदला, रबर फाटले असेल तर तेही. मग सिलिकॉन किंवा खास ब्रेकचेच ग्रीस पातळ लावून परत घाला. पिन बोटाने सरळ आत-बाहेर झाली पाहिजे. साधे पिवळे ग्रीस इथे चालत नाही. ते खनिज तेलाचे असते आणि ब्रेकची रबरे त्याने फुगतात. पिन आणखी घट्ट जाम होते आणि मालकाला वाटते, ग्रीस लावले तरी कसे काय? पेट्रोल, डिझेल, रॉकेलने हे भाग धुणेही त्याच कारणासाठी वर्ज्य. दोन्ही पिना एकसारख्या नसतील, एकीच्या टोकाला रबरी कडे असेल, तर वरची वर आणि खालची खाली गेली पाहिजे.

पिस्टन मागे ढकलताना जुना पॅड त्यावर ठेवून सी-क्लॅम्प सावकाश आवळा. एकसारखा मागे गेला तर ठीक. अडत अडत गेला, जागेवरून हललाच नाही, किंवा त्याच्या रबराखाली ओल दिसली, तर कॅलिपर उघडून नवे सील टाकावे लागतील किंवा कॅलिपरच बदलावा लागेल. ते काम गॅरेजचे. ज्यांच्या मागेही डिस्क आहे त्यांनी एक लक्षात ठेवावे. मागचे काही पिस्टन दाबून नव्हे, तर फिरवत आत जातात. बटणाचा इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर आधी स्कॅनरने किंवा मॅन्युअलमधल्या पद्धतीने तो सर्व्हिस मोडमध्ये घ्यावा लागतो. सी-क्लॅम्पने जोर केला तर आतली यंत्रणा मोडते.

डिस्ककडे नीट पाहा. नखाने आडवे ओढून नख अडेल अशा चऱ्या, निळसर डाग, कडेपर्यंत गेलेली भेग. भेग असेल तर विषय संपला, डिस्क बदला. निळे डाग म्हणजे ती फार तापली होती, त्यामागे बहुधा न सुटणारा ब्रेक असतो. जाडीची किमान मर्यादा बहुतेक डिस्कवर ‘मिन टीएच’ अशा इंग्रजी अक्षरांपुढे कोरलेली असते, गंजाखाली दडते, ब्रश मारला की दिसते. जाडी मोजताना अडचण अशी की बाहेरच्या कडेला न झिजलेला कठडा उरतो. व्हर्नियर त्याच्यावर बसतो आणि जाडी फुगवून दाखवतो. दोन सारखी नाणी घ्यावीत, आधी ती एकत्र धरून मोजावीत. मग डिस्कच्या दोन्ही अंगांना, झिजलेल्या भागावर, समोरासमोर एकेक नाणे धरून तिन्हींचे माप घ्यावे आणि नाण्यांची जाडी वजा करावी. समजा नाण्यांसकट १९.६ भरले आणि नाणी ३.० होती, तर डिस्क १६.६. कोरलेली मर्यादा १५ असेल तर डिस्क चालेल, १७ असेल तर नाही. तीन-चार ठिकाणी मोजा. वागळे इस्टेटमध्ये किंवा तुर्भ्याला लेथवर डिस्क फेस करून, म्हणजे कापून सपाट करून, मिळते, पण फेस करताना दोन्ही बाजूंनी धातू जातो. फेस झाल्यावरची जाडी मर्यादेच्या वर राहत असेल तरच त्याला अर्थ आहे. ‘थोडी मारून देतो, चालेल’ हे उत्तर माप न घेता दिलेले असते.

डिस्क बदलायची तर कॅलिपरचा ब्रॅकेट काढावा लागतो, सहसा १७ चे दोन बोल्ट. जुनी डिस्क हबला, म्हणजे चाक बसते त्या मधल्या भागाला, गंजाने चिकटलेली असते. हातोड्याने ठोकत बसू नका. बऱ्याच गाड्यांच्या डिस्कला ८ मिलिमीटर आट्यांची दोन भोके मुद्दाम दिलेली असतात. त्यांत दोन बोल्ट आळीपाळीने आवळत गेले की डिस्क आपोआप सुटून येते. मागच्या ड्रमलाही हीच सोय असते. नवी डिस्क बसवण्याआधी हबचा सपाट भाग तारेच्या ब्रशने चकचकीत करा. तिथे गंजाचा कण राहिला तरी डिस्क फिरताना हलते आणि काही दिवसांनी ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरते. मग नवी डिस्क खराब निघाली असे म्हणून दुकानदाराशी भांडण होते. नव्या डिस्कवर गंजू नये म्हणून तेल लावलेले असते, ते ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा.

नवे पॅड बसवताना ब्रॅकेटमधल्या पत्र्याच्या क्लिपा नव्या टाकाव्यात, बऱ्याचदा पेटीत असतात. पॅडचे कान जिथे सरकतात तिथे, आणि पॅडच्या पाठीवर पिस्टन टेकतो तिथे, उष्णता सोसणारे ब्रेकचे ग्रीस अगदी पातळ लावावे. मसाल्याला किंवा डिस्कला ग्रीसचे बोटही लागता कामा नये. कॅलिपर पिनेचा बोल्ट बहुतेक लहान गाड्यांत २२ ते ३५ न्यूटन मीटरला, ब्रॅकेटचे बोल्ट ८० ते ११० ला आणि चाकाचे नट ८५ ते ११० ला आवळतात. आपल्या गाडीच्या पुस्तकातला आकडा अंतिम मानावा. पिनेचा बोल्ट छोटा असतो, चाकाच्या नटाच्या जोराने आवळला तर तुटतो.

आता ज्याचा विसर पडला तर अपघात ठरलेला, ते. दोन्ही चाके बसली की इंजिन सुरू करण्याआधी पेडल सावकाश, पुन्हा पुन्हा दाबा. पहिल्या काही वेळा ते तळाला जाईल, कारण पिस्टन मागे ढकललेले आहेत. घट्ट लागेपर्यंत दाबत राहा. मग ऑइलची पातळी, झाकण, आणि त्यानंतरच गाडी हलवा, तीही पार्किंगमध्येच दहाच्या वेगाने, ब्रेक तपासत. पेडल स्पंजसारखे मऊ राहिले तर आत हवा आहे, ती काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर नेऊ नये.

नवे पॅड डिस्कवर बसायला वेळ लागतो. महापे-रबाळ्याच्या एमआयडीसीतल्या आतल्या रस्त्यांवर रविवारी सकाळी मागे कुणी नाही असे पाहून, ताशी ५० वरून १०-१५ पर्यंत मध्यम जोराने वेग उतरवावा, मग थोडे चालवून डिस्क थंड होऊ द्यावी. असे आठ-दहा वेळा. दर खेपेला पूर्ण थांबून पेडल दाबून धरू नये, गरम पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो. पहिले दोनेकशे किलोमीटर पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवावे.

मागच्या ड्रमविषयी थोडक्यात. ड्रम म्हणजे चाकाबरोबर फिरणारा डबा, त्याला आतून दाबणाऱ्या मसाला लावलेल्या कमानी म्हणजे शू. तिथे खरखर आली तर शूचे लायनिंग संपलेले असते, किंवा पावसाळ्यात हँडब्रेक ओढून गाडी दहा-बारा दिवस उभी राहिल्याने शू ड्रमला चिकटतो आणि निघताना लायनिंगचा तुकडा सुटतो. लांब गावी जाताना गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला ठोकळा लावावा, हँडब्रेक मोकळा ठेवावा. लायनिंग एक मिलिमीटरवर आले की बदलायचे. ड्रमवर किमान जाडीऐवजी कमाल व्यास कोरलेला असतो. आत स्प्रिंगा, दांडे, अॅडजस्टर असतात, म्हणून पहिल्यांदा उघडणाऱ्याने एका वेळी एकच बाजू खोलावी, दुसरी नमुना म्हणून शाबूत ठेवावी. शू दाबणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबराखाली ओल दिसली तर तिथेच थांबून मेकॅनिकला बोलवावे.

ब्रेक ऑइलचेही एक सांगायला हवे. ते हवेतली ओल शोषते. डॉट ३, डॉट ४ या त्याच्या प्रती. डॉट ४ चा उकळबिंदू नवे असताना किमान २३० अंश सेल्सिअस असतो, पाणी शोषल्यावर १५५ पर्यंत उतरतो. डॉट ३ चा २०५ वरून १४०. मुंब्रा बायपासच्या किंवा गायमुखच्या उतारावर भरलेली गाडी सतत ब्रेकवर उतरवली आणि ऑइल जुने असले, तर ते उकळते, वाफ दाबली जाते आणि पेडल रिकामे लागते. म्हणून दोन वर्षांनी किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या अंतराने ऑइल बदलावे. उतारावर खालचा गिअर घ्यावा, ऑटोमॅटिक असेल तर ‘एल’ किंवा ‘२’. अर्धी उघडी राहिलेली जुनी बाटली टाकीत ओतू नये. काढलेले ऑइल गटारात सोडू नये, ते खाडीत जाते. बाटलीत भरून गॅरेजला द्यावे.

काही गॅरेजांत आवाज बंद करण्याचे झटपट उपाय चालतात: पॅड पॉलिश पेपरने घासून देणे, मागे कसलेही ग्रीस फासणे, आणि सर्वांत वाईट म्हणजे डिस्कवर गंज काढायचा स्प्रे मारणे. पॉलिश पेपरने चार दिवस शांतता मिळते, मसाला वाढत नाही. डिस्कवर तेलकट स्प्रे गेला तर त्या चाकाचा ब्रेक लागतच नाही. आवाज थांबला म्हणजे दुरुस्ती झाली असे समजणारे गिऱ्हाईक आहे तोवर हे उपाय चालतील.

म्हणून गॅरेजवाल्यांना आणि सर्व्हिस सेंटरना जाहीर विनंती आहे. दर सर्व्हिसिंगच्या बिलावर चारही चाकांचे आकडे लिहा: पुढच्या पॅडचे आतले आणि बाहेरचे मिलिमीटर, डिस्कची जाडी आणि तिच्यावर कोरलेली मर्यादा, मागच्या लायनिंगची जाडी. चाक काढलेलेच असते, मोजायला पाच मिनिटे लागतात. काढलेले पॅड पिशवीत घालून मालकाच्या हातात द्या. मालकांनी मागच्या आणि या वेळच्या आकड्यांतली वजाबाकी केली की पुढचे पॅड कधी लागतील हे त्यांना स्वतः कळेल, आणि ‘बदलावेच लागतील’ या वाक्यावर विश्वास ठेवायचा की नाही हेही. आपल्या भागातल्या ज्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड चालतो, त्यांनी दरवर्षी ऑक्टोबरात एक दिवस ब्रेक मोजून द्यायचे ठरवले तर विद्यार्थ्यांच्या हाताखालून पन्नास तऱ्हेच्या गाड्या जातील. आणि गृहनिर्माण संस्थांनी पार्किंगमध्ये दुरुस्ती सरसकट बंद करण्याऐवजी एक सपाट, सिमेंटची, उजेडाची जागा रविवारी सकाळपुरती मोकळी ठेवावी. आज अशी जागा नसल्यामुळे हौशी लोक सर्व्हिस रोडच्या कडेला, वाहत्या रहदारीला पाठ करून चाके खोलतात.

कळावे.

आपला,
मोटार दुरुस्ती व्यवसायातील एक वाचक,
वागळे इस्टेट, ठाणे (पश्चिम)